हौशीरामनं लिहिलेलं मागचं पान

हौशीराम केदारीचं लिखाण लोणावळ्यात सगळ्यांनी वाचलं होतं, पण ते त्याचं आहे हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चिक्कीच्या पुड्यावर 'एकदा तोंडात टाकाल, तर खंडाळा येईपर्यंत बोलणार नाही' असं छापलेलं असायचं, ते त्याचं. बाजारातल्या खानावळीच्या पत्रकावर 'घरची आठवण येईल, पण घरी जावेसे वाटणार नाही' असं होतं, तेही त्याचंच.

तो मूळचा मावळातल्या आंबी गावचा. बाप कोंडाजी भातशेती करायचा. पोरगा सातवीची परीक्षा पास झाला आणि त्याचं शेतातलं लक्ष उडालं. मग तो लोणावळ्याला आला आणि जोगदेवांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. वामनराव जोगदेवांना सगळे अण्णा म्हणत. लग्नपत्रिका, पुड्यांची वेष्टनं, हॉटेलांची दरपत्रकं, असा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, वर काहीतरी चांगलं लिहा." अण्णा हौशीरामकडं बघायचे. हौशीराम खिळ्यांच्या पेटीपाशी उभ्या उभ्याच दोन ओळी सांगायचा आणि गिऱ्हाईक खूष होऊन जायचं.

अडतीस सालची गोष्ट. अच्युतराव बेहेरे नावाचे पुण्याचे एक गृहस्थ छातीच्या दुखण्यासाठी हवा पालटायला लोणावळ्यात येऊन राहिले होते. त्यांनी तिथं बसून एक कादंबरी लिहिली. नाव 'अंधारडोह'. पुण्याचे प्रकाशक दाद देईनात, म्हणून स्वतःच छापून घ्यायची असं त्यांनी ठरवलं आणि काम अण्णांकडं आलं. सगळे फर्मे, म्हणजे आतल्या पानांचे मोठे कागद, छापून झाले. पुढच्या वेष्टनावर चांदणं, होडी आणि एक बाई असं चित्र आलं. मागचं पान कोरं राहिलं.

अच्युतरावांनी त्या पानासाठी स्वतः मजकूर लिहून आणला होता. मानवी अंतःकरणाचे कल्लोळ, नियतीचा क्रूर खेळ, असं बरंच काही त्यात होतं. हौशीराम तो जुळवायला बसला आणि अर्ध्यात थांबला.

"साहेब, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"मी स्टेशनावर पुस्तकांच्या गाड्यापाशी उभा राहून बघितलंय. माणूस पुस्तक उचलतो, चित्र बघतो आणि लगेच पालथं करतो. मागचं वाचता वाचता एक डोळा गाडीकडं असतो. शिटी झाली की पुस्तक खाली ठेवतो आणि पळतो. तुमचं हे वाचून होईपर्यंत गाडी खंडाळ्याला जाईल."

अच्युतराव हसले. "मग तू लिही. शिटी व्हायच्या आत संपेल असं."

हौशीरामनं फर्मे घरी नेले आणि कादंबरी वाचून काढली. मृणालिनी नावाची बॅरिस्टरची बायको, तळ्याकाठी बंगला, पौर्णिमेला नवराबायको नावेतून जातात आणि नवरा बुडतो. गावभर कुजबुज होते. शेवटच्या प्रकरणात कळतं की त्याचा पाय घसरला होता, बाईचा काही दोष नव्हता. हौशीरामला गोष्ट बरी वाटली, पण मोत्याच्या बांगड्या आणि सतार यांच्यासाठी कुणी स्टेशनावर थांबणार नाही असंही वाटलं. त्यानं एका कागदावर लिहिलं आणि बायकोला, रतनबाईला, वाचून दाखवलं:

'पौर्णिमेला डोहावर दोघे गेले. परत आली ती एकटी. त्याचा पाय घसरला, की त्याला कुणी ढकलले? हे फक्त तिला ठाऊक आहे. आणि ती अजून आहे! मावळच्या बाजारात ती तुमच्या शेजारी बसते. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. वाचक, तुम्ही तिला ओळखाल?'

रतनबाई भाकरी थापता थापता थांबली. "अगं बाई! कोन हो ही?"

"कुनी न्हाई."

"मग डाग कसा काय?"

"डाग असला की खरं वाटतं," हौशीराम म्हणाला.

अच्युतरावांनीही तेच विचारलं. "अरे, माझ्या मृणालिनीच्या मनगटावर डाग कुठं आहे? आणि ती मावळात कधी आली?"

"आतल्या पानात नाही साहेब. हे मागचं पान आहे."

अच्युतरावांनी दोनदा वाचलं. त्यांना ते पटलं नाही, पण डोळे कागदावरून हलेनात. "विलक्षण आहे," ते म्हणाले, आणि तसंच छापलं गेलं.

पुस्तक खपायला लागलं. एके दिवशी हौशीराम मुद्दाम फलाटावर जाऊन उभा राहिला. एका पारशी घरातल्या मुनीमानं पुस्तक उचललं, पालथं केलं, वाचलं. मग त्यानं मान वर केली आणि खिडकीपाशी करवंदं विकणाऱ्या बाईच्या हाताकडं बघितलं. त्यानं पुस्तक विकत घेतलं. हौशीराम आनंदानं जवळजवळ धावतच छापखान्यात आला. "अण्णा, वाचनारा माणूस हात बघतोय!" त्याला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

पुढं काही दिवसांनी एका व्यापाऱ्याची पत्रकं पोचवायला तो वडगावला गेला. बाजाराचा दिवस होता. कचेरीच्या बाजूला पाणी प्यायला थांबला, तेव्हा भाजीच्या रांगेकडं गर्दी दिसली. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. लोक गप्प उभे राहून ऐकत होते.

"'...त्याचा पाय घसरला, की त्याला कुणी ढकलले?'"

हौशीरामला पहिल्यांदा बरंच वाटलं. आपलं लिहिलेलं बाजारात वाचलं जातंय. तो टाचा उंचावून बघायला लागला.

गर्दीच्या मधे एक तरुण ठाकरीण बसली होती. पुढ्यातली टोपली उलटी झाली होती, रानभाजी मातीत तुडवली गेली होती. एका धोतरवाल्यानं तिचा डावा हात मनगटाच्या वर धरून सगळ्यांना दिसेल असा उचलला होता. मनगटावर भाजल्याचा गुळगुळीत, पांढरट डाग होता.

"ह्यो बघा! डावं मनगट!"

"हिचा नवरा डोहातच मेला की रं. वडिवळ्याला."

"दोन वर्सं झाली."

बाई ओरडत नव्हती. ती नुसती हाताकडं बघत होती, तो हात आपला नव्हेच अशी.

हौशीरामनं उंचावलेल्या टाचा खाली टेकवल्या. ही बाई त्यानं पूर्वी पाहिलेली होती. उन्हाळ्यात कामशेतला त्यानं हिच्याचकडून करवंदांचा द्रोण घेतला होता. द्रोण पुढं करणारा हात डोळ्यांसमोर आला, त्यावरचा डाग आला. लिहिताना तो डाग मनात कुठून उगवला, हे त्यानं स्वतःला विचारलंसुद्धा नव्हतं.

तो गर्दीत घुसला. "सोडा तिला! ते खोटं हाय. म्या लिवलंय ते."

वाचणाऱ्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू लिवलं?"

"व्हय. जोगदेवांच्या छापखान्यात. मनानं लिवलं. कुनी बाई-बीई न्हाई त्यात."

लोक हसले. एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, "लेका, छापल्यालं हाय ते. छापल्यालं खोटं कसं आसंल?"

"आन तू मनानं लिवलंस, तर हिचा डाग तुला कसा ठावा?" धोतरवाला म्हणाला.

हौशीराम खाली वाकून मातीतली भाजी टोपलीत भरायला लागला.

वडिवळ्याचे पोलीसपाटील भिमाजी बाजारातच होते. त्यांनी लोकांना पांगवलं आणि बाईला उठवलं. तिचं नाव येसू. नवरा शिदू. तो मासे धरायला गेला आणि डोहात बुडाला. "अहो, त्या दिवशी ही माज्याच खाचरात आवणीला, भाताची रोपं लावत व्हती," भिमाजी वैतागून म्हणाले. हौशीरामला हायसं वाटलं. तो त्यांच्याबरोबर वडिवळ्याच्या वाटेला लागला. येसू काही पावलं पुढं चालत होती. बरंच अंतर गेल्यावर भिमाजी हळूच म्हणाले, "सकाळच्यानं व्हती, ते पक्कं. दुपारच्याला व्हती का, ते आता आठवना बगा."

हौशीरामनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. "पाटील, मगाशी तर तुमी..."

"व्हय. पन आता इतकं छापून आलंय म्हनल्यावर मानूस इचार करतो."

गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला ठाकरांची वाडी. येसूची सासू, सारजाबाई, दारात नाचणी पाखडत होती. बातमी आधीच वर पोचली होती. शिदू गेल्यापासून दोघी एका चुलीवर जेवत होत्या, लाकडाच्या मोळ्या मिळून आणत होत्या. येसूला माहेरचं कुणी राहिलं नव्हतं. सारजाबाईनं सुनेकडं बघितलं नाही. सूप खाली ठेवून ती हौशीरामपुढं आली.

"तू लिवलंस म्हनं."

"व्हय मावशी. खोटं लिवलं. पोटासाठी..."

"तू लिवनारा हाईस, तर तुला ठावं आसंल. खरं सांग. माज्या पोराला हिनं ढकललं?"

बाजारातल्या लोकांचं एक वेळ ठीक होतं. त्यांना येसू ठाऊक नव्हती. ही म्हातारी दोन वर्षं तिच्या हातचं जेवत होती.

"न्हाई हो मावशी! मला शिदू ठावा न्हाई, ही ठावी न्हाई. मला काय ठावं असनार?"

"मग तू लिवलंस कसं?"

येसू कुडाच्या भिंतीला टेकून उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "माजा हात तू कुटं बगितलास?"

"कामशेतला. करवंदं घेताना."

"करवंदं ग्वाड निगाली का?"

"व्हय."

"आन त्याचं हे दिलंस," येसू म्हणाली आणि आत गेली.

हौशीराम संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला आला आणि घरी न जाता थेट अच्युतरावांच्या बंगलीवर गेला. सगळं ऐकून अच्युतराव पांढरेफटक पडले. "अरे, माझी मृणालिनी निर्दोष आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "शेवटच्या प्रकरणात मी स्पष्ट लिहिलंय, ती निर्दोष आहे."

"शेवटपर्यंत कोण गेलंय, साहेब? बाजारात ते मागचं पानच वाचत होते."

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी अण्णांना उरलेल्या सगळ्या प्रतींच्या मागच्या पानावर कोरा कागद चिकटवायला लावला. स्टेशनावरच्या प्रतीही आणून त्यांच्यावर कागद डकवले. हौशीरामला वाटलं, निदान पुढचं तरी थांबलं. तो खात्री करायला फलाटावर गेला. एक प्रवासी पुस्तक पालथं करून कोऱ्या कागदाकडं बघत होता. मग त्यानं हातातल्या चहाच्या कपावर पुस्तकाची पाठ धरली. वाफेनं खळ सुटली, त्यानं नखानं कागद उचकटला आणि वाचायला लागला. शेजारच्यानंही तसंच केलं. गाडेवाला हौशीरामला म्हणाला, "काय शक्कल काढलीत! झाकल्यापासून दुप्पट मागतात."

हौशीराम तसाच छापखान्यात परतला. शेवटी वेष्टनंच फाडायची ठरली. तो आणि रतनबाई छापखान्याच्या जमिनीवर बसून पुस्तकांच्या पाठी सोलत राहिले. रतनबाईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. मात्र तिच्या कोपरापाशी लहानपणचा एक व्रण होता. त्या आठवड्यापासून ती बाजारात जाताना पदर हातावरून घ्यायला लागली.

त्यानं अच्युतरावांकडून एक प्रत घेतली आणि वडिवळ्याला जाऊन देवळासमोर पूर्ण कादंबरी वाचून दाखवायचं ठरवलं. भिमाजींनी माणसं जमवली. दुपारी उन्हं कलली की वाचन, असं काही दिवस चाललं. वाडीवरचे ठाकर एका बाजूला बसत. सारजाबाई येई. येसू आली नाही. बंगला आला, सतार आली, बॅरिस्टरसाहेब आले, तसे लोक एकमेकांकडं बघायला लागले. मोत्याच्या बांगड्या आल्यावर एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं, ही तर बंगल्यातली हाय! हिला आवणी ठावी न्हाई!" सगळे हसले. शेवटचं प्रकरण वाचून झालं, बाई निर्दोष ठरली, तेव्हा बाजारातल्या त्या गर्दीत असलेल्यांपैकी दोघं-तिघं खाली बघत उठून गेले. भिमाजी म्हणाले, "दुपारच्याला बी व्हती ती. आता आठवलं." हौशीरामला त्यांचा हात धरून रडू आलं.

पण सारजाबाई उठली नाही. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "त्या बाईनं ढकललं न्हाई. ते समजलं मला. पन माज्या सुनंचं त्यात काय न्हाई."

"मावशी, तिचं त्यात कायच न्हाई, हेच तर..."

"मागल्या पानावर तिचा हात व्हता. आतमदी तिचं कायच न्हाई. मग ती सुटली कशी?"

हौशीरामनं खूप समजावलं. म्हातारी ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि घरी जाऊन वेगळी चूल मांडून स्वतःची भाकरी स्वतः भाजत होती. हे त्याला भिमाजींकडून कळत राहिलं.

भातकापणी झाली, आणि एके सकाळी सारजाबाई छापखान्याच्या दारात उभी राहिली. डोंगरातल्या वाटेनं चालत आली होती. मागं, रस्त्याच्या पलीकडं, येसू थांबलेली. तिच्या डाव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"तू छापलंस की लोक खरं मानत्यात," म्हातारी म्हणाली. "मंग आता ह्ये छाप. माज्या सुनंनं काय केलं न्हाई म्हनून छाप."

अण्णा चष्म्यावरून बघत राहिले. हौशीराम खिळ्यांच्या पेटीपाशी गेला. चार शब्दांत गिऱ्हाईक थांबवणारा माणूस, पण पहिला शब्द सुचेना. चांगलं काही लिहायला गेलं की त्याला आपल्याच ओळींची किळस येई. शेवटी त्यानं कागद न घेता सरळ खिळे जुळवले:

'वडिवळ्याच्या वरील ठाकरवाडीचा शिदू हा मासे धरताना पाय घसरून डोहात पडला व वारला. त्याची बायको येसू त्या वेळी आवणीच्या कामावर होती. तिचा काही दोष नाही. "अंधारडोह" पुस्तकाच्या मागच्या पानावर जे छापले ते खोटे होते. ते मी लिहिले. हौशीराम कोंडाजी केदारी.'

काही कागद छापून झाल्यावर शाई ओली असतानाच म्हातारीनं एक हातात घेतला. तो तिनं उलटा धरला होता. हौशीरामनं सुलटा करून वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचताना ती बोटानं एकेका ओळीला हात लावत होती.

"ह्ये आसंच लिवलंय? न्हाई दोष?"

"आसंच मावशी."

म्हातारी दारापाशी गेली आणि रस्त्यापलीकडं हाक मारली, "येसू, ये गं आत! तुजा दोष न्हाई!" आणि मोठ्यानं रडायला लागली.

येसू आत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "आत्या, ह्येच म्या तुमाला रोज सांगत व्हते."

"तू सांगत व्हतीस, बाये. ह्ये छापलंय."

हौशीरामला वाचता येत होतं, म्हातारीला येत नव्हतं. पण तो खोटं लिहिताना जितका सहज होता, तितक्याच सहज ती ते खरं धरत होती, आणि आता हेही. त्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

येसूनं गठ्ठ्याकडं पाहिलं. "ह्ये समदे कुटं जानार?"

"बाजारात वाटीन. वडगावला, कामशेतला. चावडीवर लावीन."

"माजं नाव कुटं हाय ह्यात?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं. येसू वाकून त्या दोन अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली. आपलं नाव कसं दिसतं, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

"माजं नाव पुन्यांदा बाजारात नगं," ती म्हणाली. "आधी हात बगत व्हते, आता नाव बगतील. आत्याला एक दे. बाकीचं जाळ."

हौशीराम म्हणाला, "अगं, पन लोकांना कळायला नगं का? तुज्यासाठीच..."

"तू आधीबी कुनासाठीतरीच लिवलं आसशील."

अण्णांनीच मग उठून गठ्ठा उचलला आणि मागं अंगणातल्या चुलीत घातला. सासू-सुना निघाल्या तेव्हा सारजाबाईनं कागद पदराखाली छातीशी धरला होता.

तो कागद तिनं भाताच्या पेजेनं कुडाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि त्याच दिवसापासून दोघींची चूल एक झाली, असं भिमाजींनी सांगितलं. आल्यागेल्याला ती दाखवायची, "छापल्यालं हाय बगा." लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीसच्या सुमाराला, ती तापानं गेली. शेवटपर्यंत येसूच तिचं सगळं करत होती. पुढं येसूनं पाट लावून दुसरा संसार मांडला आणि ती राजमाचीकडच्या एका वाडीत राहायला गेली. जाताना तिनं कुडावरचा कागद खरवडून काढला म्हणतात.

हौशीराम म्हातारा होईपर्यंत जोगदेवांकडंच राहिला. लग्नपत्रिका जुळवायचा, दरपत्रकं जुळवायचा, पण गिऱ्हाईकानं दिलेल्या मजकुरात स्वतःचा एक शब्द घालत नसे. अच्युतरावांनी पुण्याला जाऊन आणखी एक कादंबरी लिहिली आणि हट्टानं ती अण्णांकडंच छापायला दिली. मागचं पान मोकळं होतं. अण्णांनी नुसतं हौशीरामकडं पाहिलं. तो म्हणाला, "अण्णा, तितं केसाच्या तेलाची जाहिरात टाका," आणि हात पुसून चहा प्यायला बाहेर गेला.